माहूरच्या वाटेवरची बारव

लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला, त्याला फार दिवस झाले नव्हते. नव्या कचेरीला सगळंच नवं हवं होतं. शिक्के नवे, पाट्या नव्या, आणि जिल्ह्याची म्हणून एक माहितीपुस्तिकाही नवी. निलंग्याकडून निघून अहमदपूर, कंधार, हदगाव करत पायी माहूरला जाणाऱ्या लोकांच्या वाटेवर बघण्यासारखं काय काय आहे, याची यादी त्या पुस्तिकेत द्यायची ठरली. निम्मी वाट नांदेड जिल्ह्यात पडत होती, पण कचेरीतल्या साहेबांना ती मध्येच तोडायची नव्हती.

मी तेव्हा अहमदपूरजवळच्या एका शाळेत मास्तरीण होते. नोकरीला दोनच वर्षं झालेली. अक्षर बरं आहे आणि चित्र काढता येतं, एवढ्यावर माझं नाव त्या कामाला गेलं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. गावोगाव टँकर फिरत होते आणि लोक सावलीला बसून रस्त्याकडे बघत असायचे. कुणी अनोळखी दिसला की बोलणं थांबायचं.

माझ्याबरोबर जे गृहस्थ दिले होते ते भूमापन खात्यातून निवृत्त झालेले होते. मूळचे हदगावकडचे, शेतीभाती असलेल्या घरातले. निजामाच्या काळातले गावनकाशे उर्दूत असायचे आणि ते वाचता येणारी माणसं कमी होत चालली होती, म्हणून त्यांना पुन्हा बोलावलं होतं. उंच, वाळकं अंग, पांढरं धोतर, खांद्याला खाकी पिशवी. मी त्यांना काका म्हणायचे. ते मला बाई म्हणायचे, आणि अहोजाहो करायचे.

माझे वडील सडकेवर गँगमन होते. माणसांचा त्यांना दांडगा अनुभव. निघायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "त्यानं दिलेल्या कागदावर सही करू नको. आन् तो आपल्या हातचं पाणी पितो का न्हाई ते पहिल्याच दिवशी ध्यानात ठेव. मंग पुढचं कळतं."

मी ध्यानात ठेवलं. पहिल्या दिवशी वडवळच्या नागनाथाच्या बेटावर गेलो. हे बेट म्हणजे माळावरचा एक उंचवटा, औषधी झाडपाल्यासाठी प्रसिद्ध. त्या वर्षी तिथं नुसत्या काड्या उरल्या होत्या. उन्हात दोन तास चढउतार झाली. मी माझी बाटली पुढं केली तर ते म्हणाले, "हाय माझ्याकडं," आणि पिशवीतून पत्र्याची बाटली काढून वळून प्यायले. मी माझी बाटली परत पिशवीत ठेवली. घरी आल्यावर वडिलांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या खेपेला खरोश्याची लेणी पाहिली. तिथं मला आणखी एक गोष्ट दिसली. या माणसाला लेण्यांत काही रस नव्हता. खांब किती, मूर्ती कुठली, हे सगळं मीच लिहून घेत होते. ते दारात बसून वारा घेत होते. परतताना मात्र रस्त्याकडेला एक पडकी विहीर दिसली, तर लगबगीनं उतरून तिच्या पायऱ्या मोजून आले. यादीत ती विहीर नव्हतीच.

"काका, ही लिहायची का?"

"न्हाई. सहज पाहिली."

कंधारला किल्ल्यावरही तेच. मी बुरुजांची चित्रं काढत राहिले, आणि ते खंदकाच्या कोरड्या तळाकडे बघत उभे. तिथं त्यांची पिशवी कट्ट्यावर कलंडली आणि एक जुना, कापडावर चिकटवलेला कागद बाहेर आला. उर्दू अक्षरं, नाल्याच्या निळ्या रेघा, आणि एका जागी लाल शाईचं गोल. मी उचलून दिला. त्यांनी इतक्या घाईनं घडी घातली की कागद कोपऱ्याला फाटला.

तेव्हा माझी खात्री झाली. दुष्काळात गुप्तधनाचं वेड फार पसरतं. जुन्या देवळांमागे खड्डे, हळदकुंकू, कापलेली लिंबं आम्ही वाटेत दोन ठिकाणी पाहिली होती. हा माणूस सरकारी पत्र पुढं करून तेच करतो आहे, आणि उद्या काही झालं तर मास्तरीण म्हणून माझं नाव आधी येणार, असा मी हिशेब केला. वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी जाऊच दिलं नसतं. म्हणून सांगितलं नाही.

कंधारलाच, किल्ल्याच्या दारात, त्यांची बाटली संपली. गावातला हातपंप नुसता खडखडत होता. ते रिकाम्या बाटलीचं बूच फिरवत बसले आणि मग म्हणाले, "बाई, थोडं पाणी द्या." मी बाटली दिली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तोंडाला न लावता, वरून ओतून प्यायले. तसं तर आमच्याकडेही पुष्कळ लोक पितात. त्यावरून मला काहीच ठरवता आलं नाही, आणि त्याचाच जास्त राग आला.

चौथी खेप हदगावची. सहस्रकुंडाचा धबधबा बघायचा होता. पैनगंगेत पाणी नव्हतं. काळ्या खडकावर पाण्यानं पाडलेले रांजणासारखे खड्डे उघडे पडलेले, त्यांत शेळ्या उभ्या. मी धबधब्याचं चित्र काढलं, पाण्याशिवाय. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "इथून दोन कोसांवर एक बारव हाय. यात्रेकरू तिथं मुक्काम करायचे. ती घ्यायलाच पाहिजे यादीत."

बारव म्हणजे खाली पाण्यापर्यंत पायऱ्या गेलेली दगडी विहीर. आजवर हा माणूस कुठलीही जागा घ्या असं म्हणाला नव्हता. मी सावध झाले.

गाव लहान होतं. बारव गावाबाहेर, एका महादेवाच्या देवळाजवळ. वर माणसांची गर्दी. बारव पार आटली होती आणि दुष्काळी कामावर तिच्यातला गाळ काढणं चाललं होतं. खाली वीस-पंचवीस बायामाणसं टोपल्या भरत होती. टेप काढून काका काठावर वाकले तसा एक जाडजूड मनुष्य पुढं आला. शेजारचं शेत त्याचं होतं.

"कोण तुम्ही? काय मोजून राहिले?"

काकांनी पत्र दाखवलं. त्यानं ते उलटसुलट पाहिलं. "हा शिक्का कुठला? लातूर? हे नांदेड हाय, सायेब. लातूरवाल्याचं इथं काय काम?"

"नवा जिल्हा झाला. यात्रेच्या वाटेची यादी करायलो आम्ही."

"मागल्या महिन्यात या देवळातली फरशी उकरली कुणीतरी. त्यायच्याकडंबी कागद होता म्हणे." त्यानं काकांच्या पिशवीला हात घातला. काका नको नको म्हणेपर्यंत तो कापडी नकाशा त्याच्या हातात होता. चार डोकी वाकली. कुणालाच उर्दू येत नव्हती, आणि त्यामुळंच सगळ्यांना तो कागद जास्त कळला.

"निजामाच्या वक्ताचा हाय हे."

"लाल खूण बघ की. ही बारवच हाय."

काका म्हणाले, "गावनकाशा आहे. असे शंभर काढले मी." बोलता बोलता त्यांनी नकाशासाठी हात पुढं केला.

शेतवाला माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही कोण?"

"बाई मास्तरीण आहेत," काकांनी मध्येच सांगितलं.

"आडनाव काय?"

"कचेरीनं दिल्यात त्या. सरकारी बाई आहेत," काका पुन्हा बोलले. मला तो प्रश्न नवा नव्हता, पण माझं उत्तर दुसऱ्यानं गिळावं हे नवीन होतं. मला वाचवायला की आपलं काम अडू नये म्हणून, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी माझं आडनाव सांगितलं. वर, "बौद्ध आहे मी," असंही म्हणाले.

शेतवाल्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग तो म्हणाला, "बरं. तुम्ही सांगा मंग. या सायबाचं खरं काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. काकाही. मला त्या माणसाबद्दल गेले तीन आठवडे जो संशय होता तो मी तिथं बोलले असते तर त्यांना तिथंच बसवून ठेवलं असतं, पोलीस आले असते. मी म्हणाले, "पत्र खरं आहे. पायऱ्या मोजायच्या, चित्र काढायचं आणि जायचं. एवढंच."

शेवटी असं ठरलं की साहेब वरच, देवळाच्या पारावर बसतील. बाई खाली जातील, खालच्या बायांबरोबर. गाळात कोण उतरतं याचं तिथं कुणाला काही नव्हतं. खाली काम करणारी बहुतेक आमचीच माणसं होती. पाणी लागल्यावर पायऱ्यांवरून कोण उतरेल, हा प्रश्न त्या दिवशी कुणी काढत नव्हतं.

टेप माझ्या हातात देताना काका एकदम हळू म्हणाले, "खालून तिसरी पायरी. उजव्या हाताला कोनाडा असंल. बघा फक्त, बाई."

"काय आहे तिथं?"

"आत्ता विचारू नका."

मी उतरले ते रागातच. म्हणजे मी या माणसासाठी खोटी साक्ष दिली होती, आणि आता त्याच्यासाठी खजिनाही मीच शोधायचा होता. पायऱ्या मोजत गेले. खाली गारवा होता, कुजल्या पाल्याचा वास होता. खालून तिसऱ्या पायरीच्या उजव्या भिंतीत, गाळानं अर्धा भरलेला, हात कोपरापर्यंत जाईल एवढा कोनाडा होता. मी इकडंतिकडं बघून हात घातला. चिखल. आणखी आत, दगड. बाकी काही नाही.

"रिकामा हाय त्यो," मागून कुणीतरी म्हणालं.

एक म्हातारी पायरीवर टोपली टेकवून दम घेत होती. मी चिखलाचा हात पदराला पुसला. तिनं जयभीम घातला, मीही घातला. वर जे बोलले ते तिला ऐकू आलं होतं.

"कुणाची गं तू?"

मी गाव सांगितलं, वडिलांचं काम सांगितलं. दोन-तीन नाती जुळवून झाली. मग ती जवळ सरकली. "त्या वरच्या बाबानं धाडलं का तुला, कोनाड्यात बघायला?"

मी हो म्हणाले.

"बाहत्तरच्या दुष्काळातबी आमीच काढला हा गाळ. तवा माजा हात लागला. पितळंचा लोटा व्हता, तोंडाला फडकं कोंबलेलं. मुकादमानं लगेच घेतला. त्यात काय व्हतं आमाला दाखवलं न्हाई. पन फडकं काढता काढता एक वाळा गाळात पडला. ल्हान लेकराचा. चांदीचा." तिनं वर काठाकडे बघून घेतलं. "त्यो म्या ठिवला. दिला असता तर बाकीचं आमीच खाल्लं म्हनले असते."

"आहे अजून?"

"नातीच्या पायात घातला व्हता. आता बसत न्हाई." मग माझा दंड धरून म्हणाली, "माय, तू आपली म्हून बोलले. ध्यानात ठिव."

मी मापं लिहिली, चित्र काढलं, वर आले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "कोनाडा आहे. रिकामा आहे." त्यांनी मान हलवली, पारावरून उठले आणि शेतवाल्याला नमस्कार करून चालायला लागले. नकाशा त्यानं परत दिला नाही. काकांनी मागितलाही नाही.

फाट्यावर एसटीची वाट बघत लिंबाखाली बसलो होतो. मी सरळ विचारलं, "काका, किती धन होतं तिथं?"

ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. खाली बघत सांगत गेले. रझाकारांच्या धामधुमीत ते स्वतः पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात होते. एकवीस-बावीस वर्षांचं वय. मागून आई, बायको आणि वर्षाची मुलगी माहूरच्या यात्रेकरूंत मिसळून पायी निघाल्या. वाटेत झडती होते म्हणून अंगावरचं सगळं लोट्यात घालून बारवेत ठेवलं; उन्हाळ्याचे दिवस, पाणी तळाला गेलेलं होतं. परत येताना काढू, असं ठरवून. मुलगी कॅम्पात गेली, हगवणीनं. आई त्या जागेचं नाव काढू देईना. बायकोनं जागा सांगितली ती गेल्या साली, शेवटच्या दुखण्यात. "एरवी बारव पाण्यानं भरलेली असायची, बाई. आटली म्हणून कळलं, तेव्हा म्हटलं या यादीच्या निमित्तानं जाऊन यावं. मला बाकी काही नको होतं. पोरीचे वाळे होते त्यात."

मी ऐकलं. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी मनात आलं, नुसत्या वाळ्यांसाठी माणूस तीन आठवडे विहिरी मोजत फिरतो का? गाडी आली. नांदेडपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

नांदेड सुटल्यावर काका आपणहून म्हणाले, "मी वर बसून विचार करत होतो. गावाला विचारावं का, की कुणाला सापडलं का? मग म्हटलं नको. मी तीस वर्षं गावं मोजली. गावात काही हरवलं की आधी कुणाच्या झोपड्यांची झडती घेतात ते मला ठाऊक आहे."

हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. ते बोलले नसते तर मी गप्प राहिले असते. पण ते वाक्य ऐकून मला राहवलं नाही आणि मी त्यांना वाळ्याचं सांगितलं. म्हातारीचं, मुकादमाचं, सगळं.

त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाले, "एकच?"

"एकच."

"मग दुसरा कुणाकडं?"

त्या क्षणी मला कळलं की मी चूक केली. आवाज तोच होता, पण नजर मोजणी करणाऱ्याची झाली होती.

यादी गेली, पुस्तिका निघाली. पावसाळा बरा झाला. थंडीत एके दिवशी काका शाळेत आले. अंगानं आणखी उतरले होते. म्हणाले, "मला तो नुसता बघायचा आहे. हातात घेईन आणि परत देईन. तुम्ही बरोबर असलात तर ती विश्वास ठेवील." मी नाही म्हणू शकले असते. दोन दिवस मी तेच ठरवत होते. पण शेवटी रविवारी त्यांच्याबरोबर हदगावची गाडी धरली.

म्हातारीचं घर गावाच्या खालच्या अंगाला होतं. दारात ती तूर पाखडत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला, आणि माझ्यामागचं धोतर दिसलं तसा मिटला.

काकांनी हात जोडले. "आजी, मी काही मागायला आलो न्हाई. ते वाळे माझ्या पोरीचे होते. एक डाव बघू द्या."

"कसले वाळे?"

"या बाईंना तुम्ही..."

"म्या काय बोलले न्हाई." तिनं सूप खाली ठेवलं नाही. "आमी गाळ काढला. गाळच निगाला. बाईला काय ऐकू आलं मला ठावं न्हाई."

मी म्हणाले, "आजी, ते कुणाला सांगणार नाहीत. मी आहे ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. एखाद्या लेकरानं भांडं फोडलं तर आई बघते तसं. "तू हायेस म्हूनच," ती म्हणाली.

शेजारच्या दोन घरांतून बायका बाहेर आल्या होत्या. एक तरणा गडी कुंपणाला येऊन उभा राहिला. काकांनी पुन्हा हात जोडले. "चुकलं आमचं," म्हणाले आणि वळले. वाटेत ते मला म्हणाले, "तिनं बरोबर केलं, बाई. मी तिच्या जागी असतो तर मीबी हेच केलं असतं." त्यांचा तो वाळा राहिला, आणि ज्या म्हातारीनं मला आपली म्हटलं होतं तिला मी गमावलं होतं. कुणाचं जास्त गेलं, हे त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती.

त्यानंतर काकांची माझी भेट झाली नाही. ते वारल्याचं कचेरीतल्या एका कारकुनाकडून कळलं.

मी एकदा एकटीच तिच्याकडे गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते. म्हातारीनं बसायला पोतं टाकलं, चहा केला, माझी बदली कुठं झाली ते विचारलं. बारवेला पाणी आलं म्हणाली. आता मोटार बसवली आहे, नळ वेगळे केलेत, आपल्याकडचा एक दिवसाआड येतो, असं सांगितलं. त्या दिवसाचा विषय तिनं काढला नाही आणि मलाही काढता येईना. एवढ्यात तिची नात शाळेतून आली. पाच-सहा वर्षांची, धुळीनं माखलेली. दप्तर टाकून ती आजीच्या पाठीला बिलगली.

मी त्या पोरीच्या पायांकडे बघितलं. बघायचं नव्हतं, तरी बघितलं. पाय उघडेच होते.

म्हातारीच्या ते लक्षात आलं. तिनं नातीला आत जाऊन हातपाय धू म्हणून सांगितलं, आणि माझ्या पुढचा रिकामा कप उचलला.